'स्टिग्माटा' (१९९९) परत पाहिला. हसलो, चिडलो, पण उठलो नाही

रात्रपाळी

काल रात्री झोप रुसली म्हणून 'स्टिग्माटा' लावला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा नुकताच कॉलेजातून बाहेर पडलो होतो आणि पुढचे तीन-चार दिवस अंघोळ करताना दाराला कडी लावत नव्हतो. घरच्यांनी कारण विचारलं तर काय सांगणार? आता केस पिकले. म्हटलं बघू तरी, तेव्हा नेमकं कशाला घाबरलो होतो.

(कथा फुटणार आहे. सिनेमा १९९९चा, एवढ्या वर्षांनी कोणी रडू नये.)

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: ब्राझीलमधल्या एका खेड्यात फादर आल्मेडा नावाचे वृद्ध धर्मगुरू वारतात. त्यांचं पार्थिव चर्चमध्ये ठेवलेलं असताना मरियमेच्या पुतळ्याच्या डोळ्यांतून रक्त वाहतं. असले चमत्कार खरे की बनाव हे तपासणं हेच ज्याचं काम, तो व्हॅटिकनचा फादर अँड्र्यू किर्नन (गॅब्रिएल बर्न) तिथे पोचतो. हा आधी रसायनशास्त्रज्ञ, मग पाद्री. इकडे एक पोरगा मयताच्या हातातली जपमाळ लांबवतो आणि एका पर्यटक बाईला विकतो. बाई ती पिट्सबर्गला आपल्या लेकीला पाठवते. लेक म्हणजे फ्रँकी (पॅट्रिशिया आर्केट). दिवसा लोकांचे केस कापते, रात्री क्लबात नाचते, देवबिव मानत नाही. माळ आली आणि तिच्या अंगावर क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या जखमा एकेक करून उमटू लागल्या. मनगटं, पाठीवर फटके, कपाळावर काटे, मग पाय. पाचवी जखम भाल्याची, कुशीतली. ती झाली की बाई संपली.

इथवर मामला फक्कड. अंघोळीचा प्रसंग तर आजही तसाच बसतो. ती टबात पडली आहे, मेणबत्त्या वगैरे, आणि अचानक कोणीतरी तिला पाण्याखाली दाबल्यासारखं होतं. मध्येच खिळा. मध्येच हातोडा. परत पाण्यात तिचा चेहरा. परत खिळा. टोला बसतो तो ऐकू येतो आणि पाणी लाल होतं. कोण मारतंय ते दिसत नाही, तिलाही नाही. भूतपटात निदान भूत तरी असतं हो.

पण पुढे! व्हॅटिकनमधला दुष्ट कार्डिनल (पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी), दडवलेलं शुभवर्तमान (येशूची शिकवण सांगणारा ग्रंथ), भिंतीवर लिहिली जाणारी येशूच्या काळची अरामी भाषा, जिथे तिथे पांढरी कबुतरं. शेवटाकडे तर एक माणूस धर्मरक्षणासाठी एका आजारी बाईचा गळा दाबतोय आणि दुसरा आगीतून चालत येतोय. मी चक्क हसत होतो. तरी उठलो नाही. रात्रीचे अडीच वाजले.

तुम्हाला हा सिनेमा कसा वाटला होता, आणि आता कसा वाटतो?

खडूस

तेव्हाही भंगार वाटला होता. जाहिराती आणि गाण्यांच्या चित्रफिती करणाऱ्या माणसाच्या हाती धर्म दिला की हेच होणार. प्रत्येक वस्तूतून पाणी ठिबकतंय, प्रत्येक थेंब संथ गतीने पडतोय. नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलवा, पाद्री कशाला?

कबुतरांना मानधन किती दिलं असेल?

कानसेन

खडूस, दिग्दर्शक रूपर्ट वेनराइटबद्दलचं म्हणणं खरं, पण त्याच कारणाने तो सिनेमा डोळ्यांना टिकला. कॅमेरा जेफ्री किम्बॉलचा आहे. 'टॉप गन' त्याचाच. पिट्सबर्ग असं ओलं, निळं-काळं दाखवलंय की त्या मुलीच्या घरात ऊन कधी आलंच नसेल असं वाटतं. नंतर किती भयपटांनी हा ओलावा उचलला!

आणि आवाज. त्यात स्मॅशिंग पंपकिन्स या रॉक बँडचं संगीत आहे हे कोणी लिहिलं कसं नाही?

दीडशहाणा

पंपकिन्स नाहीत, त्यांचा बिली कॉर्गन. पार्श्वसंगीतात तो आणि एलिया च्मिराल अशी नावं आहेत. गाण्यांमध्ये बोवी, ब्यॉर्क, मॅसिव्ह अटॅक. गाण्यांची सीडी सिनेमापेक्षा बरी होती असं म्हणणारे तेव्हाही होते, मी त्यातलाच.

अवांतर: प्रदर्शित झाल्यावर अमेरिकेत याच सिनेमाने 'द सिक्स्थ सेन्स'ला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं होतं. पाच आठवडे बसलेलं पाखरू याने उडवलं. समीक्षक बोंबलत होते आणि लोक रांगा लावत होते.

कानसेन

बरोबर, कॉर्गन. घाईत लिहिलं.

वैद्यबुवा

धंद्याने डॉक्टर असल्यामुळे माझी मळमळ वेगळी आहे. मनगटातून आरपार भोक पडलेली रुग्ण येते. डॉक्टर म्हणतात स्वतःच करून घेतलं असेल, मग म्हणतात अपस्मार असेल, आणि घरी सोडतात! अहो, मनगटाच्या त्या भागातून मधली मुख्य नस जाते, बोटं हलवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या जातात. खिळा घुसला तर अंगठा नीट वळायचा नाही. ही बाई थोड्याच दिवसांत क्लबात, आणि पुढे फुटक्या बाटलीने मोटारीच्या बॉनेटवर अरामी लिहिते. सुवाच्य अक्षरात. माझं अक्षर दोन्ही हात धड असताना वाचता येत नाही.

मात्र एक गोष्ट सिनेमाने अभ्यास करून घेतली आहे. जुन्या चित्रांत खिळे तळहातात असतात, इथे मनगटात आहेत, आणि किर्नन त्याचं कारणही सांगतो: तळहातात ठोकले तर देहाचं वजन पेलणार नाही, मांस फाटेल. ही कल्पना प्येर बार्बे या फ्रेंच शल्यविशारदाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. त्यावर पुढे बरेच वाद झाले. १९६८ साली जेरुसलेमजवळ क्रूसावर मेलेल्या एका माणसाची हाडं मिळाली, त्यात टाचेच्या हाडात खिळा अजून रुतलेला होता, पण हातांत खिळे मारल्याचा पक्का पुरावा नाही. कदाचित हात दोरीने बांधले असतील. म्हणजे फ्रँकीच्या मनगटाबद्दल सिनेमा आत्मविश्वासाने बोलतो तेवढं हाडं बोलत नाहीत.

सहज_सुचलं

वैद्यबुवा, बॉनेटवरचं अक्षर! आता तो प्रसंग गंभीरपणे कधीच पाहता येणार नाही.

माझी अडचण कथेच्या मुळाशी आहे. आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत. देव 'अंगात येतो', भूत 'झपाटतं'. कोणालाही विचारा, गोंधळ होत नाही. या सिनेमाला मात्र शेवटपर्यंत कळत नाही की फ्रँकीच्या बाबतीत नक्की काय चाललंय. जखमा ख्रिस्ताच्या, म्हणजे ईश्वरी कृपा. पण जाड पुरुषी आवाज, हवेत तरंगणं, पाद्र्याला आधी भुलवू पाहणं आणि मग त्याच्यावर धावून जाणं, हा सगळा सैतानाच्या सिनेमातला माल. आणि उलगडा काय, तर तिच्यात आल्मेडाचा आत्मा आहे. सद्गुणी, साधा, गरिबांचा फादर. त्याला एक निरोप पोचवायचाय. मग हा भला म्हातारा एका अनोळखी पोरीचे असे हाल का करतोय? निरोपच द्यायचा तर किर्ननच्या स्वप्नात यायचं. नाहीतर माळ त्यालाच पाठवायची!

रात्रपाळी

माळ त्यालाच पाठवायची, हे वाचून फुटलो. पण माझी भीती नेमकी इथेच होती हे आता कळतंय. सैतान असता तर काय करायचं ते सिनेमा बघून बघून पाठ झालेलं असतं. पवित्र पाणी, क्रूस, लॅटिन. इथे पाणी आणि क्रूस घेऊन येणारेच तिला मारायला टपलेत. त्या पोरीने जायचं कोणाकडे?

पटकथेत हे मुद्दाम आहे की दोन वेगळ्या पटकथा एकमेकींवर आदळल्यात, देव जाणे. मला दुसरंच वाटतं.

कोरी_पाटी

मी पाहिला नाहीये. स्टिग्माटा म्हणजे नक्की काय, खरंच कोणाला होतं का? की सिनेमावाल्यांनी काढलेलं खूळ?

थोरली

कोरी_पाटी, खूळ नाही गं. मी कॅथलिक घरातली, लहानपणापासून ऐकत आले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डाग, खूण. बायबलमध्ये संत पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या शेवटी तो शब्द येतो, आपण येशूच्या खुणा देहावर बाळगतो असं तो म्हणतो. प्रत्यक्ष जखमांची पहिली गाजलेली हकिकत असिसीच्या संत फ्रान्सिसची, १२२४ सालची, ला व्हेर्ना डोंगरावरची. अलीकडची इटलीतल्या पाद्रे पिओ या धर्मगुरूंची. १९१८ साली त्यांच्या हातापायांवर आणि कुशीत जखमा उमटल्या आणि १९६८ साली वारले त्याच्या थोडं आधीपर्यंत राहिल्या, असं सांगतात. त्यांच्याबद्दल चर्चमध्येच संशय घेणारे कमी नव्हते. डॉक्टर पाठवले, त्यांना लोकांसमोर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करायला काही काळ बंदी घातली. त्याच पिओंना मे १९९९ मध्ये 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं आणि २००२ मध्ये संत. म्हणजे सिनेमा आला तेव्हा विषय अगदी ताजा होता.

सिनेमा सांगतो की ज्यांना हे होतं ते फार धार्मिक असतात, म्हणून नास्तिक फ्रँकीचं कोडं पडतं. हे निरीक्षण ठीक. पण बाकी आमच्या चर्चबद्दल जे दाखवलंय ते बघून माझ्या आईने चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "यांना एखाद्या फादरला विचारायला काय झालं होतं?" भूतबाधा काढण्याचा विधी कोणी कार्डिनल मनात आलं म्हणून लगबगीने उरकत नाही. बिशपची परवानगी लागते, आधी आजार नाही ना हे बघायचं असतं. गंमत म्हणजे तो विधी १६१४ पासून जवळपास तसाच चालत आला होता आणि त्याची सुधारलेली आवृत्ती व्हॅटिकनने नेमकी जानेवारी १९९९ मध्ये जाहीर केली. सिनेमावाल्यांनी पेपर वाचले असते तरी चाललं असतं.

किर्ननचं काम मात्र अगदीच बनावट नाही. संतपदाच्या प्रकरणांची छाननी करणारं खातं व्हॅटिकनमध्ये आहे. पूर्वी तिथे एक माणूस खास विरोधात बोलायला नेमलेला असे, त्याला लोक 'सैतानाचा वकील' म्हणत. १५८७ सालापासूनची ती जागा, १९८३ मध्ये तिचं महत्त्व फार कमी केलं. गॅब्रिएल बर्न त्या परंपरेतला वाटतो. थकलेला, सभ्य, मनातून चमत्कार व्हावा असं वाटणारा आणि हातात तपासणीचं सामान घेऊन फिरणारा. तो पडद्यावर असला की मी सगळं माफ करते.

खडूस

गॅब्रिएल बर्न त्याच वर्षी दोन महिन्यांनी 'एंड ऑफ डेज'मध्ये सैतान झाला होता. सप्टेंबरात पाद्री, नोव्हेंबरात सैतान. याला म्हणतात संतुलित कारकीर्द.

दीडशहाणा

आणि कार्डिनल हाउसमन झालेला जोनाथन प्राइस २०१९ मध्ये 'द टू पोप्स'मध्ये पोप फ्रान्सिस. गळा दाबण्यापासून पोपपदापर्यंत वीस वर्षांत बढती.

थोरली

दीडशहाणा 😄 आईला सांगते.

अर्धविराम

उशिरा आलो. मला त्या 'दडवलेल्या शुभवर्तमाना'बद्दल बोलायचंय, कारण खरी मजा तिथे आहे आणि सिनेमाने ती चुटकीभरही वापरली नाही.

सिनेमातली पोथी अरामी भाषेतली, येशूच्या स्वतःच्या शब्दांतली, व्हॅटिकन ती दाबू पाहतंय. शेवटी पडद्यावर पाटी येते आणि नाव घेतलं जातं थोमाच्या शुभवर्तमानाचं. प्रेक्षक घरी जाताना समजतो की ही पोथी कुठेतरी तळघरात कुलपात आहे. वस्तुस्थिती: १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ शेतकऱ्यांना मडक्यात जुन्या चामडी बांधणीच्या पोथ्या मिळाल्या, एकूण तेरा. त्यांतल्या एकीत हे शुभवर्तमान कॉप्टिक भाषेत आहे. त्याचे ग्रीक तुकडे तर त्याच्याही जवळजवळ पन्नास वर्षं आधी इजिप्तमध्येच ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यात मिळाले होते. मूळ पोथी कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात, भाषांतर १९५९ पासून छापील. चर्च ते आपल्या बायबलात धरत नाही हे खरं. पण फ्रँकीला केस कापायच्या सुट्टीत ग्रंथालयात ते वाचता आलं असतं. रक्त सांडायची गरज नव्हती.

आता खरी गंमत. थोमाच्या शुभवर्तमानात गोष्टच नाही. ११४ वचनं, एकापाठोपाठ एक. जन्म नाही, चमत्कार नाहीत, क्रूसावरचा मृत्यू नाही, पुनरुत्थान नाही. क्रूस उचलण्याचा ओझरता उल्लेख आहे तेवढाच. म्हणजे ज्या ग्रंथात खिळे नाहीत, भाला नाही, काट्यांचा मुकुट नाही, तो ग्रंथ जगापुढे आणायला हा आत्मा खिळे, भाला आणि काटेच वापरतो! पत्ताच चुकला.

सिनेमा ज्या वचनावर उभा आहे ते ७७वं. लाकूड फोडा, मी तिथे आहे, दगड उचला, तिथे मी सापडेन, अशा अर्थाचं. सुंदर आहे यात वाद नाही. पण शेवटचं, ११४वं, कोणी उच्चारत नाही. त्यात येशूचा शिष्य पेत्र म्हणतो मरियेला इथून जाऊ द्या, बायका जीवनाच्या लायक नाहीत. त्यावर येशू म्हणतो मी तिला पुरुष करीन. आता पडद्यावर पाहा: एक बाई, आणि तिच्या तोंडून पुरुषाचा आवाज. पटकथाकारांना हे माहीत असतं तर किती भयंकर सिनेमा झाला असता! माहीत नसताना तो नकळत तिथवर पोचलाय, हे जास्त भयंकर.

सहज_सुचलं

अर्धविराम, ११४व्याचं वाचून अंगावर काटा आला. सिनेमाने आणला नव्हता.

थोरली

यात अजून एक घाला. हा थोमा म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातला संशयी थोमा. खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही म्हणणारा. जखमा तपासणाऱ्या पाद्र्याची गोष्ट, त्यात थोमाच्या नावाचं शुभवर्तमान, आणि कोणाच्याही तोंडी हा प्रसंग नाही! किर्नन पहिल्यांदा तिची मनगटं बघतो तिथे एक वाक्य पुरलं असतं. आमच्या रविवारच्या वर्गातल्या पोरांनीसुद्धा सुचवलं असतं.

खडूस

रविवारच्या वर्गातली पोरं लिहायला घेतली असती तर कबुतरंही कमी झाली असती.

वैद्यबुवा

अर्धविराम यांचा प्रतिसाद वाचून सिनेमा परत बघावासा वाटतोय, हा काय उलटा न्याय?

एक प्रश्न. या सिनेमाला 'द दा विंची कोड'ची नक्कल म्हणणारे भेटतात. तसं आहे का?

अर्धविराम

उलट. ती कादंबरी २००३ची. चर्चने दडवलेलं सत्य, मारायला निघालेला धर्मनिष्ठ माणूस, नाग हम्मादीच्या पोथ्यांचे हवाले, हा सगळा मसाला 'स्टिग्माटा'ने चार वर्षं आधी वाटून ठेवला होता. फक्त कोडी नव्हती. कोडी हवी असतात लोकांना. जखमा नकोत.

रात्रपाळी

मघाशी अर्धवट सोडलं होतं, ते आता लिहितो. अर्धविराम यांनी पत्ता चुकला म्हटलंय, माझ्या मते तोच चुकलेला पत्ता हा या सिनेमाचा करमणुकीचा साठा आहे.

सिनेमाचं म्हणणं काय, तर देव इमारतीत नाही, सोन्याच्या वेदीत नाही, मध्यस्थांची गरज नाही. ठीक. आता सिनेमातून मेणबत्त्या काढा. पुतळा काढा. जपमाळ, लॅटिन, कार्डिनलची लाल टोपी, उंच कमानींतून येणारा धुरकट प्रकाश काढा. काय उरलं? पिट्सबर्गमधली एक आजारी मुलगी. भीती सगळी त्या इमारतीतूनच उसनी आणलीय आणि मग प्रेक्षकाला सांगतात, इमारत नको. ज्या ताटात जेवायचं तेच उलटं करायचं. वेनराइटच्या कॅमेऱ्याला चर्च इतकं आवडतं की पटकथेचा चर्चवरचा राग त्याच्या कानावर जातच नाही. शेवटी किर्नन पोथी शोधायला कुठे जातो? आल्मेडाच्या चर्चमध्ये, फरशीखाली. दगड उचलतो खरा, पण देवळातलाच.

आणि हे सगळं आर्केट अंगावर घेते. मेट्रोचा प्रसंग बघा. ती डब्यातल्या एका फादरला विचारते, तुम्हीच अँड्र्यू किर्नन का? हे नाव तिला कुठून सुचलं तिलाही माहीत नाही. तो म्हणतो नाही, माझं नाव वेगळं. तिच्या चेहऱ्यावर अर्धा क्षण नुसता ओशाळेपणा आहे, चुकून दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवल्यावर होतो तसा. मग गाडी बेफाम सुटते आणि पाठीवर फटके सुरू होतात. तिने भीती दाखवली असती तर मी घाबरलो नसतो. तो ओशाळेपणा दाखवला म्हणून चार दिवस कडी लावली नाही.

कानसेन

मेट्रोबद्दल तुम्हाला मोदक, अगदी सहमत. तिथे संगीत जवळजवळ रुळांच्या खडखडाटात मिसळून टाकलंय, चाबूक कुठला आणि चाकं कुठली कळत नाही. हेडफोन लावून ऐका.

सहज_सुचलं

रात्रपाळी, इमारतीचं पटलं. पण मग आल्मेडाचं कोडं सुटलं का? भला माणूस हाल का करतो?

रात्रपाळी

सुटलं नाही. एवढंच वाटतं की जिवंतपणी त्यालाही त्याच जखमा होत्या. त्याला निरोप द्यायची दुसरी रीत माहीत नसावी. हे सिनेमात कोणी म्हणत नाही, मी माझ्या पदरचं घालतोय.

सहज_सुचलं

पदरचं असलं तरी सिनेमापेक्षा बरं आहे.

दीडशहाणा

शेवटाबद्दल कोणी बोललं नाही. चित्रगृहात दाखवलेल्या शेवटात फ्रँकी वाचते, बागेत फिरते, पक्षी वगैरे, अगदी संत फ्रान्सिसच्या चित्रासारखं. डीव्हीडीवर दिग्दर्शकाच्या मनातला दुसरा शेवट होता, त्यात ती मरते. तो कथेला जास्त धरून आहे. पाच जखमांचं गणित पहिल्या अर्ध्या तासात मांडलंत, तर उत्तर लिहा की. पहिल्या शेवटात पेपर कोरा सोडलाय.

थोरली

मला ती वाचलेली आवडली. दोन तास मार खाल्लाय पोरीने.

कोरी_पाटी

काल रात्री पाहिला! एकटीने, हेडफोन लावून (कानसेनकाका, तुमच्यामुळे).

अंघोळीच्या प्रसंगाची तुम्ही इतकी तयारी करून दिली होती की तिथे काही वाटलं नाही, सॉरी. बॉनेटवर ती लिहायला लागली तेव्हा तर वैद्यबुवांची आठवण येऊन मोठ्याने हसले. पण कार्डिनल तिचा गळा दाबतो ना, तिथे मी व्हिडिओ थांबवला. भुताबिताचं काही नाही. तो माणूस ते करताना स्वतःला चांगला समजतोय, म्हणून. त्याच्या चेहऱ्यावर कर्तव्य आहे. नंतर पाणी पिऊन आले आणि मग पुढचं पाहिलं.

आणि हो, किर्नन तिच्या प्रेमात आहे की नाही? ते धड सांगतच नाहीत.

थोरली

आहे. त्यालाही माहीत आहे. म्हणूनच बर्न आवडतो.

वैद्यबुवा

मी पण परत पाहिला. या वेळी डॉक्टरांच्या प्रसंगांत कान बंद केले. बरा गेला. पुढच्या शनिवारी 'एंड ऑफ डेज' घ्यायचा का? तोच बर्न, आता पलीकडच्या बाजूने.

अर्धविराम

घ्या. त्यात थोमा नाही, मी गप्प बसेन.

खडूस

मी परत बघणार नव्हतो. बघितला. कबुतरं मोजायला बसलो होतो, नोंद ठेवायला कागदसुद्धा घेतला होता. मेट्रोनंतर मोजायचं राहून गेलं.